आकड्यांचे हसू आणि आकड्यांचे भय



लोधीपुऱ्यातून निघून बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत शिरणाऱ्या माणसाला आतील भिंतीवर एक नवल पाहावयास मिळते. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजे अली खान, याने ही मशीद उभारली. तिच्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीने एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात सुलतानाची वंशावळ आहे आणि वंशावळीखाली चक्क पंचांग आहे : विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष मास, शुक्ल पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. तिथी व नक्षत्र किती घटिकांना पालटले, तेही सांगितले आहे. इंग्रजी कालगणनेने हा दिवस १५९० च्या जानेवारीच्या आरंभी येतो. मशिदीच्या भिंतीवर पंचांग कोरून घेणारा राजा आणि ते मांडून देणारा ज्योतिषी या दोघांची नगरी म्हणून आपल्या गावाचा अभिमान वाटावा, अशीच ही गोष्ट आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र तो अभिमान नसून त्या लेखातील आकडे हा आहे.

ह्या आकड्यांकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. पहिली तऱ्हा पडताळ्याची. अमुक शकातील अमुक तिथीला सोमवार होता, असे लेख म्हणतो. तर तो होता की नव्हता, हे आज चार शतकांनंतरही घरबसल्या मोजून सांगता येते. मोजावे, तर सोमवारच येतो. ज्योतिषी चुकला असता, तर त्याची चूकही तितक्याच निश्चितपणे सापडली असती. दुसरी तऱ्हा अलीकडे फार लोकप्रिय झालेल्या अंकशास्त्राची. तीत वर्षाच्या आकड्यांची बेरीज करावयाची, ती दोन अंकी आली तर पुन्हा बेरीज करावयाची आणि उरलेल्या एका अंकावरून ग्रह ठरवावयाचा. एक म्हणजे सूर्य, दोन म्हणजे चंद्र, आठ म्हणजे शनी, असा हा कोष्टकाचा क्रम आहे.

करून पाहू. संवत १६४६ : एक, सहा, चार आणि सहा मिळून सतरा, सतराचे आठ. शके १५११ : एक, पाच, एक आणि एक मिळून आठ. दोन्ही कालगणनांत आठच! एखाद्या अंकशास्त्र्याला हे दाखवले, तर तो क्षणभर स्तब्ध होईल आणि मग गंभीरपणे सांगेल की, वास्तूवर शनीची दुहेरी दृष्टी आहे. मशीद सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ उभी आहे, ही तक्रार त्याच्यापुढे चालावयाची नाही. शनी दीर्घायुष्यही देतो, हे उत्तर त्याच्या खिशात तयार असते.

परंतु ह्या दोन आठांमागे शनी नसून १३५ हा आकडा आहे. संवत आणि शक यांतील अंतर १३५ वर्षांचे आणि १३५ ला नवाने निःशेष भाग जातो. आता दहा म्हणजे नऊ आणि एक, शंभर म्हणजे नव्व्याण्णव आणि एक, हजार म्हणजे नऊशे नव्व्याण्णव आणि एक. म्हणून कोणत्याही संख्येच्या अंकांची बेरीज करणे म्हणजे त्या संख्येतून नवाच्या पटी काढून टाकणे होय. ज्याला मूलांक म्हणून भीतीने किंवा भक्तीने नमस्कार केला जातो, तो नवाने भागल्यावर राहणारी बाकी आहे, यापलीकडे काही नाही. बाकी शून्य राहिली की नऊ म्हणावयाचे, एवढेच. जुन्या पेढ्यांवरचे मुनीम ‘नवाचा ताळा’ म्हणून याच युक्तीने गुणाकार तपासत असत. त्यांनी ह्या बाकीला चूक शोधावयास लावले; अंकशास्त्र्याने तिला नशीब सांगावयास बसवले. संवत व शक यांत १३५ चे अंतर असेल तेथे दोहोंचा मूलांक एकच येणार. त्याच मशिदीचा हिजरी सन ९९७ घेतला की सात येतात आणि ग्रह बदलतो. इसवी सन १५९० घेतला की सहा येतात आणि शुक्राची कृपा होते. दगड तोच, चुना तोच, कारागीर तेच. दिनदर्शिका बदलली की ग्रह बदलला.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. माणसाच्या हाताला दहा बोटे आहेत म्हणून तो दहाच्या पटीत मोजतो. ती आठ असती, तर महिन्याची २९ तारीख ३५ अशी लिहावी लागली असती, तिच्या अंकांची बेरीज आठ म्हणजे तेव्हाच्या लेखनात १० आली असती आणि मूलांक एक ठरला असता. आज त्याच तारखेला जन्मलेल्या मुलाला चंद्राचा मूलांक दोन देतात; त्या जगात तो सूर्याचा झाला असता. ग्रह आकाशात, आणि त्याचा अंमल बोटांच्या संख्येवर! हे भविष्य प्राचीन आर्षज्ञान म्हणून विकले जाते, पण आपल्याकडे आज जे चालते त्यावर ‘कीरो’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या आयरिश माणसाच्या इंग्रजी पुस्तकांचा ठसा मोठा आहे. आपण ही विद्या कोकणातल्या ब्राह्मणांकडून घेतली, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले होते. आपला माल परदेशी शिक्क्यानिशी परत आला की त्याची किंमत वाढते, हा अनुभव केवळ कापडाच्या व्यापारातच येतो असे नाही. नावाच्या इंग्रजी अक्षरांत एखादे अक्षर वाढवून भाग्य सुधारण्याचा उद्योग तर आणखीच विनोदी आहे. कारण त्याच दुकानाची देवनागरी पाटी जशीच्या तशी राहते आणि गिऱ्हाईक वाचते ती देवनागरी पाटी.

आकड्यांशी अशी लगट करणारा आणखी एक माणूस महाराष्ट्रात होऊन गेला. त्याची कथा येथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण त्याच्यात आणि अंकशास्त्र्यात वरवर पाहता फारसा फरक दिसत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा मोठा नाद होता. कुंडल्या मांडताना करावी लागणारी आकडेमोड मुलाने घरातच पाहिली आणि तिची गोडी त्याला लागली. शिक्षण ठाण्यात व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना स्वतंत्र गणिती लेखनासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. नंतर १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातील पद नाही. दारुड्याला जशी दारू तशी आपल्याला संख्या, अशी कबुली त्यांनी दिली होती. वडिलांच्या कुंडल्यांमधून मुलाने आकडेमोड तेवढी उचलली आणि फल तेथेच ठेवले. ही निवड त्याने कधी जाहीर केली नाही. पण पुढचे सारे आयुष्य तिच्यातूनच निघाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ सालचा, ६१७४ ह्या संख्येचा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने लावून होणारी संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. मशिदीवरील शके १५११ घेऊ. ५१११ मधून १११५ वजा जाता ३९९६. ९९६३ मधून ३६९९ वजा जाता ६२६४. ६६४२ मधून २४६६ वजा जाता ४१७६. ७६४१ मधून १४६७ वजा जाता ६१७४. चार पायऱ्यांत मुक्काम आला. शेजारच्या संवत १६४६ ला मात्र लांबचा पल्ला पडतो : ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. सात पायऱ्या, म्हणजे असू शकतील तितक्या सगळ्या. मूलांकाच्या हिशेबात जुळी भावंडे असलेली ही दोन वर्षे येथे एकमेकांपासून इतकी दूर जातात, हे अंकशास्त्र्याला कधी कळावयाचे नाही. कारण तो पहिल्याच बेरजेला थांबतो.

आता ६१७४ या संख्येत काय काय दडले आहे ते पाहावे. तिच्या अंकांची बेरीज अठरा. अठराने तिला निःशेष भाग जातो आणि भागाकार येतो ३४३, म्हणजे सातचा घन. पायऱ्याही सातच! सप्तर्षी, सप्तस्वर, सप्तपदी, सात वार, सगळे हात जोडून उभे राहतात. एखादा पंथ स्थापन करावयास याहून कमी साहित्य पुरते. कापरेकरांना हे सारे दिसत होते; त्यांच्याइतके जवळून ते दुसऱ्या कोणाला दिसले असेल? तरीही ६१७४ चे लॉकेट गळ्यात घालावे, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. ही संख्या दहाच्या पटीत लिहिण्याच्या रीतीतून उपजते, दुसऱ्या पायावर मोजले तर सारेच बदलते, हे ते जाणून होते. बोटांवर अवलंबून असलेली गंमत ही गंमतच, तिला ग्रहाचे नाव देऊ नये, इतका त्यांचा विवेक सरळ होता.

नावे देण्याची हौस मात्र त्यांना दांडगी. मुंबईनजीकच्या डेमलो या रेल्वे स्थानकावर एक कल्पना सुचली, म्हणून त्या संख्या ‘डेमलो’ झाल्या. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्यांना निःशेष भाग जातो, त्यांना त्यांनी ‘हर्षद’ म्हटले, हर्ष देणाऱ्या. रामानुजनांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली १७२९ ही संख्या अशीच हर्षद आहे : अंकांची बेरीज एकोणीस, आणि एकोणीस गुणिले एक्क्याण्णव म्हणजे १७२९. एकोणीस उलटे वाचले की एक्क्याण्णव. वर्ग करून, तो मधोमध तोडून, दोन तुकड्यांची बेरीज केल्यावर मूळ संख्या परत देणाऱ्या संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस मिळून पुन्हा ४५. नुकतेच सरलेले २०२५ साल याच कारणाने गणितप्रेमींनी हौसेने साजरे केले. एकपासून नऊपर्यंतच्या सर्व संख्यांच्या घनांची बेरीजही २०२५ च येते. अंकशास्त्र्यांनी त्याच वर्षाची बेरीज नऊ काढून ते मंगळाच्या ताब्यात दिले. एकाच आकड्यापुढे बसून एक जण हसत होता आणि दुसरा लोकांना घाबरवत होता.

कापरेकरांना त्यांच्या हयातीत स्वदेशी गणितज्ञांकडून पुष्कळ उपेक्षा सोसावी लागली. हे गणित नव्हे, हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. १९६६ साली पत्नी गेल्यानंतर शिकवण्यांवर गुजराण करावी लागली. त्यांची गाठ खऱ्या अर्थाने जगाशी पडली ती १९७५ च्या मार्चमध्ये, अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या ‘गणिती खेळ’ या सदरातून. ते सदर चालवीत मार्टिन गार्डनर. देवळालीच्या ह्या सेवानिवृत्त शिक्षकाचे संशोधन त्यांनी आपल्या वाचकांपुढे ठेवले आणि कापरेकर हे नाव सातासमुद्रापार गेले. ११ वर्षांनी, १९८६ साली, कापरेकर देवळालीलाच निवर्तले.

गार्डनर हा गृहस्थ विलक्षण. १९१४ मध्ये जन्मलेला, २०१० मध्ये वारलेला. गणिताची पदवी त्याच्याजवळही नव्हती. त्याच्या लेखणीची दोन तोंडे होती. एका तोंडाने त्याने पंचवीस वर्षे गणितातील गमती लिहिल्या. दुसऱ्या तोंडाने, १९५२ पासून, विज्ञानाचा वेष घेतलेल्या भोंदूपणाचा समाचार घेतला. पृथ्वी पोकळ आहे म्हणणारे, पिरॅमिडच्या मापांत जगाचे भविष्य वाचणारे, फांदी हातात धरून पाणी शोधणारे, सारे त्याच्या पहिल्याच मोठ्या पुस्तकात भेटतात. पण ह्या दोन तोंडांचा संबंध कोठे, हे पाहावयाचे तर त्याचा डॉ. मॅट्रिक्स पाहावा. हा त्याने १९६० साली निर्माण केलेला काल्पनिक अंकशास्त्री. लुच्चा, बडबड्या, दरवेळी नव्या धंद्यात. गार्डनर त्याची भेट घेतो आणि तो आकड्यांतून अशी काही थक्क करणारी योगायोगांची माळ ओवतो की वाचक हसता हसता अंतर्मुख होतो; कारण प्रत्येक योगायोग खरा असतो. बेरीज बरोबर असते. चुकलेला असतो तो केवळ तिच्यातून काढलेला अर्थ.

मार्चमध्ये कापरेकर झाले आणि लगेच १९७५ च्या एप्रिलमध्ये गार्डनरने आपल्या वाचकांची एप्रिल-फूल केली. जगाच्या नजरेतून सुटलेले सहा महान शोध म्हणून त्याने सहा भाकडकथा अत्यंत गंभीर चेहऱ्याने छापल्या. कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो, हे अनुमान खोटे पाडणारा नकाशा सापडला, असे एकात होते. दुसऱ्यात एका अवघड राशीविषयी दावा होता की ती नेमकी पूर्णांक आहे. त्यासाठी रामानुजनांच्या नावाचा हवालाही देऊन ठेवला होता. वस्तुतः ती राशी पूर्णांक नाही. पण इतकी जवळ की दशांश चिन्हानंतर बारा वेळा नऊ येतात आणि मग कोठे पितळ उघडे पडते. साध्या गणकयंत्रावर तपासणारा फसणारच. सहावा शोध होता मनःशक्तीने फिरणाऱ्या यंत्राचा. वाचकांची पत्रे हजारोंनी आली. मौज अशी की, नकाशाचा दावा खोटा पाडण्यासाठी कित्येकांनी तो नकाशा चार रंगांत रंगवून पाठवला. त्या मंडळींची थट्टा झाली, असे म्हणणे योग्य होणार नाही. दाव्यावर विश्वास बसला नाही तेव्हा त्यांनी रंगपेटी काढली आणि रंगवून पाहिले. हेच तर अपेक्षित होते.

‘वैदिक गणित’ या नावाखाली जे पुस्तक १९६५ साली प्रसिद्ध झाले, त्याचा विचार ह्याच संदर्भात करावा लागतो. कारण तेथे दोन गोष्टींची गल्लत झालेली आहे. ते पुरीचे शंकराचार्य भारती कृष्णतीर्थ यांनी लिहिले. त्यातील युक्त्या खऱ्या आहेत. ९७ ला ९६ ने गुणावयाचे, तर शंभरास कमी पडणारे तीन आणि चार घ्यावेत. ९७ मधून चार काढून ९३, तीन चोक बारा, म्हणून उत्तर ९३१२. ज्याने बीजगणित वाचले आहे त्याला याचे कारण दोन ओळींत मांडता येते. युक्ती सुंदर आहे, मुलांना शिकवावी. परंतु तिला वैदिक म्हणावयाचे तर ती वेदवाङ्मयात दाखवली पाहिजे. १९५० साली लखनौमध्ये कृपाशंकर शुक्ल या गणितेतिहासाच्या अभ्यासकाने अथर्ववेदाच्या परिशिष्टांची छापील प्रत समोर ठेवून ही सूत्रे तीत कोठे आहेत, असे विचारले. ती आपल्या परिशिष्टात आहेत, अन्यत्र नाहीत, असे उत्तर मिळाले. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी ही बाजू विस्ताराने मांडली. गुणाकार बरोबर आहे म्हणून इतिहास बरोबर ठरत नाही. ह्या साध्या वाक्याने आजही माणसे रागावतात, हे आश्चर्य आहे.

आपल्या परंपरेचा अभिमान धरावयाचा तर त्यासाठी उसनवारी करण्याचे कारणच काय? याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केला. तसा १२०७ सालचा शिलालेख तेथे आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा. तितके वानर गुहेत गेले आणि एक झाडावर दिसला, तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात : पन्नास आणि पाच. गणिताच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष. पण पाच वानर धरले, तर पाचवा भाग एक. त्यातून तीन काढले की उणे दोन वानर उरतात. त्यांचा वर्ग चार खरा. परंतु उणे दोन वानर कोणी पाहिले आहेत? आचार्य सांगतात की हे दुसरे उत्तर घेऊ नये, लोकांना ते पटत नाही. आठ शतकांपूर्वीच्या ह्या ओझरत्या शेऱ्यात एक मोठे तत्त्व आणि एक मंद हसू एकत्र आहे. कागदावर बरोबर आलेली गोष्ट रानात जाऊन पाहिली पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

आणि त्याच भास्कराचार्यांच्या गळ्यात मुहूर्ताची एक कथा बांधलेली आहे. लीलावती ही त्यांची मुलगी. तिच्या विवाहाचा एकमेव मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र ठेवले, तिच्या अलंकारातला मोती त्यात पडून छिद्र बुजले, मुहूर्त टळला आणि तिच्या सांत्वनासाठी ग्रंथाला तिचे नाव दिले. ही कथा अकबराच्या दरबारातील फैझीने १५८७ साली केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेतून प्रसृत झाली, म्हणजे आचार्यांच्या नंतर चारशे वर्षांनी. तोच फैझी १५९१ साली अकबराचा वकील म्हणून खानदेशात, राजे अली खानाकडे, पाठवला गेला. भिंतीवरील पंचांग तेव्हा नुकतेच कोरलेले होते. त्याने ते पाहिले असेल काय, हा विचार रम्य आहे. त्याहून अधिक काही त्याविषयी म्हणू नये.

येथवर हसण्याच्या गोष्टी झाल्या. पण मुहूर्त टळला म्हणून रडणाऱ्या मुली काही फक्त कथेत नसतात. पत्रिकेत मंगळ आहे म्हणून सांगून आलेले स्थळ परत जाते, वर्षे जातात. हे प्रत्येक आळीने पाहिले आहे. शेताचेही तेच. तापीच्या ह्या गाळाच्या पट्ट्यात केळीने वैभव आणले आणि पाण्याची पातळी खाली खाली गेली. कूपनलिका घ्यावयाची म्हटली की पाणाड्या येतो, तळहातावर नारळ धरून शेतात फिरतो, नारळ उभा राहिला की तेथे खुंटी ठोकतो. पाणी लागले की त्याची कीर्ती होते. नाही लागले तर कर्ज शेतकऱ्याच्या नावावर चढते आणि पाणाड्याच्या वहीत त्याची नोंद राहत नाही. याच गावात चार शतकांपूर्वी कुंडी भंडाऱ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या हिशेबाने नगरात खेळवले गेले. तो उतार चुकता तर पाणी आले नसते आणि सगळ्या गावाला ते कळले असते. चुका मोजण्याची सोय जेथे असते तेथे विद्या वाढते.

फलज्योतिषाच्या चुका मोजण्याची सोय महाराष्ट्रात एकदा नीट करण्यात आली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे या चौघांनी २००८ साली ती चाचणी घेतली व तिचा अहवाल ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापला. शंभर हुशार मुले आणि, त्या वेळच्या शब्दांत, शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा गोळा करून दोनशे पत्रिका मांडल्या. बुद्धीचा असा मोठा भेद पत्रिकेवरून कळतो, हे ज्योतिषी मंडळींचेच म्हणणे होते. प्रत्येकाला सरमिसळ केलेल्या चाळीस पत्रिका द्यावयाच्या आणि कोणती कोणत्या गटातील ते सांगावयाचे. अठ्ठावीस बरोबर आले तर यश, असे आधीच ठरले होते. एक्कावन्न जणांनी नावे दिली. सत्तावीस जणांनी उत्तरे धाडली. सर्वांत चांगली कामगिरी चाळीसपैकी चोवीसची. सरासरी निम्म्याहून कमीच. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. सत्तावीस माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तरी त्यांतील एखाद्याचे पंचवीस-सव्वीस छाप पडणे हे काही नवल नव्हे. म्हणजे नाण्यालाही हरवता आले नाही.

ह्या चाचणीतील सगळ्यांत चांगली गोष्ट निकाल ही नसून अट ही होती, असे म्हणावेसे वाटते. किती बरोबर आले तर मान्य करू, हा आकडा आधी ठरला, निकाल नंतर आला. अठ्ठावीस आले असते, तर नारळीकरांना ते मान्य करावे लागले असते. आणि त्यांनी ते केले असते, असे मानण्यास आधार आहे. कारण विश्वाच्या उत्पत्तीविषयी ते स्वतः बहुमताच्या विरुद्ध उभे होते. फ्रेड हॉईल यांच्यासह त्यांनी जो पक्ष मांडला, तो बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. पण त्या पक्षाचा निवाडा दुर्बिणीतून होणाऱ्या निरीक्षणांनीच व्हावा, ही अट त्यांनी कधी सोडली नाही. एकटे पडणे म्हणजे भोंदूपणा नव्हे, हे फरकाने लक्षात ठेवावयास हवे. अंधश्रद्धेवर टीका करणारे पुष्कळदा ते विसरतात. चाचणीतील दुसरे सहकारी दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यांच्या गणिती विनोदाचा एक नमुना मराठी वाचकाला विशेष प्रिय आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. आपल्या नावाचा परीक्षकांवर दाब पडू नये म्हणून लेखकाचे नाव दिले नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. होतात. पहिले पारितोषिक त्या जगतापांनाच मिळाले. कापरेकरांना ही उलटापालट फार आवडली असती.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने शेवटी कपाटांविषयी एक शब्द. ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणात गणित ५१० मध्ये, खगोलशास्त्र ५२० मध्ये आणि गणिती कोडी पार ७९३ मध्ये, खेळांच्या शेजारी. फलज्योतिष व अंकशास्त्र ही १३३ मध्ये जातात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा १८९६ सालचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा महाग्रंथ ५२० मध्येच हवा. नावातल्या ‘ज्योतिष’ शब्दाला फसून तो १३३ च्या कपाटात गेला, तर त्याला कुंडलीचे गिऱ्हाईक मिळेल आणि ग्रहगणिताचा वाचक रित्या हाताने परत जाईल. गार्डनरच्या डॉ. मॅट्रिक्सची पंचाईत याच्या उलट. आत भोंदू अंकशास्त्री, पण पुस्तक ७९३ चे. मुखपृष्ठ पाहून क्रमांक घालणारा ग्रंथपाल येथे हमखास चुकेल.

राहता राहिला मशिदीचा हिजरी सन, ९९७. त्याचे अंक तीनच आहेत, त्यामुळे त्याला ६१७४ चे दार बंद. पण कापरेकरांची कृती तीन अंकांनाही चालते आणि तेथे मुक्काम असतो ४९५ चा. ९९७ मधून ७९९ वजा केले की १९८ येतात. तेथून पुढच्या पायऱ्या घरी जाता जाता मनातल्या मनात करता येण्याजोग्या आहेत.